आपाची गाडी डावीकडे जाते

माझी आई, म्हणजे आमची आपा, तीस वर्षं बिश्केकच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस चालवत होती. तारेवरचा दांडा आपण एकदाही घसरू दिला नाही, हे ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. अशा बाईची गाडी भर दुपारी डावीकडच्या भिंतीवर आपटायला लागली, तेव्हा आमच्या घरात काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

गाडी टीव्हीवरची, शर्यतीच्या खेळातली. रविवारी बारा वाजता आपा इथून आणि माझी धाकटी बहीण मेरिम रशियातल्या नोवोसिबिर्स्कहून, अशी दोघींची शर्यत लागते. फोनवर त्यांचं पाच मिनिटं धड जमत नाही. लग्न कधी, घरी कधी, आणि फोन बंद. तीन वर्षं मेरिम घरी आलेली नाही. पण हात खेळात गुंतलेले असले की तीच मेरिम तासभर बोलते. घरमालकिणीला शिव्या घालते, कारखान्यातल्या भानगडी सांगते, मध्येच रडतेसुद्धा. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकते. मला तेवढं पुरतं.

आणि नेमकी आपाच्या हातातल्या, खेळाच्या कंट्रोलरची डावी दांडी आपोआप सरकायला लागली. आपा हात लावो न लावो, गाडी डावीकडे. लागोपाठ दोन रविवार ती भिंतीवर गेली. दुसऱ्या रविवारी मेरिम म्हणाली, "जाऊ दे आपा, दुरुस्त झाला की कळव." तिचं हे 'कळव' माझ्या ओळखीचं आहे. त्यानंतर महिनेच्या महिने जातात.

उपाय कंपनीनेच दिला होता. कंट्रोलरच्या आतला जुना प्रोग्राम काढायचा, नवा भरायचा. पाच मिनिटांचं काम, फक्त ते विंडोजवरूनच होणार.

इथे माझी गोची झाली. मी बिश्केकच्या मुक्त संगणक मंडळाची सचिव. आम्ही नऊ जण लिनक्स ही कोणाच्याच मालकीची नसलेली प्रणाली वापरतो, आणि इतरांना सुखाने विंडोज वापरू देत नाही. आमचा नियम चौथा: सभासदाच्या घरात विंडोज दिसलं तर सभासदत्व रद्द. अध्यक्ष कुबात कॉलेजात शिकवतात, म्हणून सगळे त्यांना अगाय म्हणतात. "घरात विंडोज ठेवणं म्हणजे घोडीच्या दुधाच्या कुमिसात पाणी घालणं," असं ते प्रत्येक सभेत सांगतात. नवा माणूस आला असेल तर दोनदा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा संगणक मागावा, तर आमच्या इमारतीतल्या सगळ्यांच्या संगणकांत मीच हौसेने लिनक्स घालून ठेवलेलं.

शेवटी मी चोरवाट धरली. माझ्याच लिनक्सच्या पोटात एक खोटा संगणक उभा केला, व्हर्च्युअल मशीन म्हणतात तो, आणि त्यात विंडोज बसवलं. दाराला कडी लावून. कंट्रोलर जोडला, काम सुरू केलं. सात टक्क्यांवर कंट्रोलर गायब. दिवाही गेला.

"मारलंस त्याला," आपा म्हणाली.

"आपा, जरा गप्प बसशील?"

"तीस वर्षांत माझ्या चाकाखाली कोंबडी आली नाही. आणि तू बसल्या जागी जीव घेतलास!"

बटण दाबून धरून मी त्याला कसाबसा जागा केला, पण चार दिवस तेच. सात टक्के, की गायब. शनिवार उजाडला. उद्या बारा वाजता मेरिम टीव्हीसमोर बसणार होती, किंवा बसणार नव्हती. मी ठरवलं, मंडळापुढे सगळं कबूल करायचं. आपाही निघाली, पिशवीत बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून घेऊन.

वाचनालयाच्या माडीवर सभा भरली. मी कबुली दिली. मग भाषणं झाली, कारण भाषणांना आमच्याकडे कधी तोटा नसतो. एक म्हणाला, कंपनीला निषेधाचं पत्र पाठवू. दुसरा म्हणाला, भरायचा प्रोग्राम आपणच लिहू, दीड वर्षात होईल. अस्कत नावाचा तिसरा म्हणाला, आजींनी बुद्धिबळ खेळावं.

"तुझ्या आईला शिकव," आपा म्हणाली आणि त्याच्या पुढ्यातले बोरसोक उचलून घेतले.

मी लॅपटॉप उघडला. विंडोजची खिडकी दिसताच अस्कतने तोंड फिरवलं. अगाय मात्र माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. "पुरावा म्हणून बघावं लागतं," म्हणाले. कंट्रोलर जोडला. सात टक्के, गायब. पुन्हा जोडला, पुन्हा गायब. तिसऱ्या खेपेला अगायांचा श्वास मला मानेवर जाणवायला लागला. जाणत्या माणसाला दुसऱ्याचं चुकलेलं काम बघवत नाही, हा आजारच असतो.

"अगं बाई, दुसरं नाव दे ना त्याला!" ते ओरडले.

"कसलं दुसरं नाव?"

"काम सुरू झालं की तो एकदा सुटतो आणि वेगळ्या नावाने परत जोडला जातो. तुझ्या मशीनला तू एकच नाव सांगितलंयस. मग दुसऱ्या नावाने आलेल्याला आत कोण घेणार? बाहेरचं लिनक्स धरून बसतं त्याला. दोन्ही नावं आधीच नोंदव!"

नोंदवली. आठ टक्के. वीस. चाळीस. बासष्टवर आकडा अडकला आणि माझा हात वायरीकडे गेला.

"हात लावू नकोस! बासष्टवर तो नेहमीच थांबतो."

सगळ्यांच्या माना अगायांकडे वळल्या. आपाने तोंडातला घास आधी नीट संपवला.

"अगाय, नेहमी म्हणजे किती वेळा?"

"वाचलंय कुठेतरी," अगाय म्हणाले. कान लाल झाले होते. "माझ्या घरी विंडोज नाही."

तेवढ्यात शंभर टक्के झाले. दिवा लागला. आपाने दांडी डावीकडे ढकलून सोडली, ती मधोमध येऊन थांबली. तिने कंट्रोलर रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

मग नियम चौथा पुढे आला. विंडोज माझ्या लॅपटॉपवर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अगायांचं कोणी पाहिलं नव्हतं. मला काढून टाकण्याचा ठराव मांडला गेला, आणि ठराव लिहायला सचिव लागतो म्हणून तो मीच लिहून दिला. आठ हात वर झाले, सगळ्यात उंच अगायांचा. मला भयंकर राग आला होता. सात वर्षं मी त्या माणसाच्या भाषणांचे कागद टाइप केले होते.

जिन्यात मागून पावलं वाजली. अस्कत होता. "बुरुलताई," तो हळूच म्हणाला, "ती दोन नावं मला जरा लिहून द्याल?" त्याच्या मागे आणखी दोघं उभे होते, जिन्याचा कठडा तपासत असल्यासारखे.

रविवारी बारा वाजता मी शेजारच्या खोलीत बसले. मेरिम आली. पहिल्याच वळणावर आपाने तिला मागे टाकलं.

"आपा! आज भिंत नाही? कोणी दुरुस्त केला?"

"आहे एक मास्तर," आपा म्हणाली. "त्याच्या घरी विंडोज नाही."

आपाने सगळी हकीकत सांगितली, बासष्ट टक्क्यांसकट. मेरिम इतकी हसली की तिचीच गाडी भिंतीवर गेली.

"परत लावू," ती म्हणाली.