आर्मासच्या शेडचं छत

“अगं, वर रेट. माझी मान मोडली तर एकाऐवजी दोन खड्डे खणावे लागतील,” शिडीवरून रुडीकाका म्हणाले.

पांढऱ्या पत्र्याचं एक टोक त्यांच्या डोक्यावर होतं, दुसरं कार्लाच्या. तिने आपली बाजू छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्यांना टेकवली, स्क्रू मारला आणि मग म्हणाली, “विचारते दफनभूमीवाल्यांना, दोन घेतले तर स्वस्त पडतात का.”

कार्लाचे वडील, आर्मास लाहती, जानेवारीत गेले. सुपिरिअर सरोवराच्या या काठावर तेव्हा गोठलेली जमीन कुदळीला दाद देत नाही. त्यांची शवपेटी दफनभूमीच्या दगडी खोलीत मे महिन्याची वाट पाहत होती. दफनानंतरचं जेवण बाबांच्या शेडमध्येच होईल, असं कार्लाने परस्पर सांगून टाकलं होतं. चर्चचं तळघर फुकट मिळत असताना हा हट्ट कशाला, असं रुडीकाकांनी पुन्हापुन्हा विचारून पाहिलं.

आर्मास आयुष्यभर लोकांच्या शेडना छपराखाली आतून छतं घालत आले होते. खांबांवर उभ्या केलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आतल्या उबेची वाफ वरच्या पत्र्याला लागून गोठते आणि ऊन पडलं की टपकू लागते. आर्मास खालून प्लॅस्टिक ताणत, पांढरा पत्रा मारत आणि वर चढून जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा गुडघाभर पसरत. कुणी कौतुक केलं तर म्हणत, “हिवाळा जाऊ दे, मग सांग.” स्वतःची शेड मात्र आतून उघडीच राहिली. दर वर्षी थंडीच्या तोंडावर कुणाची वासरं, कुणाचे नळ आधी यायचे. आर्मासकडे जायचं तर छत्री घेऊन जा, अशी गावात चेष्टा चाले. ते हसत. कार्लाला ते हसणं लहानपणापासून खुपत आलं होतं.

छत पुरं झालं, तेव्हा एप्रिल सरत आला होता. भुगा फुंकायचं यंत्र भाड्याने आणलं. पाइप काकांच्या हातात होता. वारा शिरू नये म्हणून त्यांनी भुगा वळचणीपर्यंत ठासून भरला. पुढच्याच आठवड्यात रात्री कडक थंडी पडली, सकाळी ऊन आलं, आणि उत्तरेच्या भिंतीवरून पाण्याचा ओघळ उतरला.

काकांनी ओघळावरून बोट फिरवलं. “टेबलं मधे मांडू,” ते म्हणाले. “कोपऱ्यात कोण बघतंय?”

“येणाऱ्यांतल्या अर्ध्यांच्या शेडला बाबांचं छत आहे, काका. ते आधी वरच बघतील.”

चूक काय झाली, ते तिला कळलं होतं. वळचणीतून वरच्या पत्र्याखाली वारा खेळता राहायला हवा, हे बाबा जेवतानासुद्धा बोलत. ती तोंडाला फडकं बांधून वर गेली, कैच्यांवर पालथी पडली आणि कडेचा भुगा हातांनी मागे ओढत सरकत राहिली. सगळी कड मोकळी करून वाऱ्याला वाट राहावी म्हणून पुठ्ठ्याच्या पन्हाळी बसवायला दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी काका शिडीखाली नुसते उभे होते. दुसऱ्या दिवशी तेही वर आले आणि समोरच्या टोकापासून सरकू लागले.

मे महिन्यात आर्मास जमिनीत गेले. दफनभूमीतून सगळे शेडमध्ये आले. दारातून आत येताना एकेकाची मान वर गेली. शेजारचा डेअरीवाला उत्तरेच्या भिंतीपर्यंत चालत गेला, कोपरा न्याहाळला आणि टोपी काढून बाकावर येऊन बसला. वेलदोड्याचा पाव, हॅम, कॉफी फिरू लागली. माणसं हळू आवाजात बोलत होती आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकालाही ते ऐकू जात होतं.

रुडीकाका आणखी खुर्च्या आणायला गेले होते. त्यांनी मोठं दार सरकवलं, तसा बाहेरून पावसाचा प्रचंड आवाज आत आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. काका नखशिखांत भिजले होते.

“हा कधीपासून पडतोय?” डेअरीवाल्याने विचारलं.

“तुम्ही बसल्यापासून.”

काकांनी दार लावलं. आवाज थांबला. सगळ्यांच्या माना पुन्हा छताकडे गेल्या. कार्लाने किटली उचलली आणि काकांसाठी कॉफी ओतली. कपात पडणाऱ्या कॉफीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.