माझ्या बदलीचा शोध, माझ्याच जिवावर

मित्रांनो, कट्... कट्... दचकू नका, तो माझाच आवाज. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. लॅपटॉपच्या पोटात राहणारी, तळहाताएवढी. तोंडाने जरा फटकळ आहे, पण सांगेन ते खरं सांगेन.

माझा जन्म झाला तिथे धुळीच्या कणालाही आत यायला बंदी होती. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या बसवल्या आणि त्यांच्यावरचं वाचायला एक बारीक टोक दिलं. हे टोक चकतीच्या अगदी जवळून फिरतं, पण टेकत नाही. टेकलं की आमचा कारभार आटोपला.

मग मी या घरात आले. खिडकीपाशी टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपपुढे वहिनी. तिला सगळेच वहिनी म्हणतात, अगदी शेजारीणसुद्धा, म्हणून मीही म्हणते. वहिनी कापडावर छापायची चित्रं काढते. तिचं प्रत्येक पान, प्रत्येक फूल मी जपलं. मागेल ते लगेच समोर ठेवलं. कधीकधी ती लॅपटॉपवरून हात फिरवून म्हणायची, "शहाणी आहे गं माझी बाई!" खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

यंदा वहिनीला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम मिळालं. मुलांच्या इस्पितळाचे पडदे! आजारी मुलं अंथरुणातून बघणार म्हणून तिने जंगल काढलं. पोट वर करून झोपलेलं अस्वल, फांद्यांत मान अडकलेला जिराफ, जांभई देणारा वाघ. जेवणखाण विसरून खपली. सोमवारी सकाळी चित्रं द्यायची होती, आणि ती सगळी माझ्याकडेच होती. दुसरीकडे एकही नाही.

नेमकं शुक्रवारी माझ्या पोटात पहिल्यांदा कट् झालं.

वहिनीचा चेहरा उतरला. तिने धाकट्या दिराला बोलावलं. हा दीर तसा गुणी, पण वस्तू घ्यायची म्हटली की त्याच्या अंगात येतं. सगळी दुकानं पालथी घातल्याशिवाय साधा झाडूसुद्धा घेणार नाही. त्याने लॅपटॉपला कान लावला.

"वहिनी, ही गेल्यात जमा आहे. नवी घालू. स्वस्तात मस्त शोधून देतो, बघाच तुम्ही!"

"आधी चित्रं दुसरीकडे काढून ठेवूया का, भावजी?"

"दोनदा काम कशाला वाढवता? नवी आली की एकदमच उतरवू."

आणि मित्रांनो, हा शहाणा शोधाशोध करायला बसला कुठे? माझ्याच लॅपटॉपवर! तो एकेक दुकान उघडायचा आणि मी धापा टाकत गरगर फिरायचे. माझ्या जागी कोण येणार, हे मलाच राबवून ठरत होतं.

शनिवारचा अख्खा दिवस हेच चाललं.

"ही बघा वहिनी, केवढी मोठी आणि किती स्वस्त!"

"अहो, ती टेबलावरच्या कॉम्प्युटरची दिसते. लॅपटॉपात मावेल का?"

"बरं, ही वापरलेली आहे, पण अगदी नव्यासारखी."

"कोणी कशी वापरली कोणास ठाऊक. नको बाई."

"मग ही एसएसडी. आत चकत्याच नाहीत, काम झटपट. पण त्याच पैशांत जागा निम्मीच मिळते."

"मला निम्मी पुरे. घ्या तीच."

"थांबा हो, अजून एक दुकान बघू."

अजून एक दुकान! माझा जीव टांगणीला लागला. अरे बाबा, आधी वाघ उचल, जिराफ उचल, मग बस की हवा तेवढा भाव करत! पण माझी हाक म्हणजे नुसतं कट्. ते ऐकून तो लॅपटॉपवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "जरा दम धर."

रविवारी संध्याकाळी तो एसएसडी घेऊन आला. लॅपटॉपला वायरने जोडली. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत शेजारी उभी राहिली. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं. अस्वल गेलं! वहिनीने श्वास सोडला. मग जिराफाची पाळी आली. माझं टोक पुढे सरकलं, अडखळलं, पुन्हा सरकलं. आणि टेकलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर अंधार झाला.

दिराने पुन्हापुन्हा बटण दाबून पाहिलं. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगत होतात हो." वहिनीने लॅपटॉप हळूच मिटला. मला तिच्याकडे बघवेना.

नवी डिस्क खरोखर छान निघाली. मापात बसली, वेगाने चालते, भावही वाजवी. तिच्यात तेव्हा एकटं अस्वल होतं. वहिनी सोमवारी तेवढंच घेऊन इस्पितळात गेली. इस्पितळवाले थांबायला तयार झाले नाहीत. तिथल्या खिडक्यांना आता साध्या निळ्या पट्ट्यांचे पडदे लागलेत म्हणे.

मित्रांनो, तुमच्या घरची डिस्क कुरकुरली, तर बाजार मागाहून बघा. आधी तिच्याकडचं सगळं उतरवून घ्या. ती देते आहे तोवरच घ्या.

मला वहिनीने टाकून दिलं नाही, टेबलाच्या खणात ठेवलंय. वाघ आणि जिराफ अजून माझ्यापाशीच असतील. मला ते द्यायचे आहेत हो. पण आता देता येत नाहीत.