पाहुणीच्या मिठीतली शिडी

मी एक शिडी बोलतेय. हो हो, शिडीच! लगेच नाक मुरडू नका. जिना असला की तुम्ही त्याला कठडा लावता, लिफ्ट असली की तिच्यापुढे रांग लावता आणि शिडी म्हटली की "असेल तिथेच कुठेतरी कोपऱ्यात." असू दे. पण यंदाच्या वेलीच्या उत्सवात सगळ्यात जास्त टाळ्या कोणाला पडल्या ते गावात कोणालाही विचारा. अध्यक्षांना नाही, बँडवाल्यांना नाही. मला! तेव्हा म्हटलं, आपली हकिगत आपणच सांगून टाकावी. लोक सांगायला बसले की तिखटमीठ लावतात.

मला एका सुताराने घडवलं. त्याला दोन मुलगे. थोरला रंगारी, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. धाकटा वायरमन. दोघांच्याही धंद्याला शिडी हवीच. बापाला दोन शिड्या करता आल्या असत्या, लाकूड अंगणात पडलेलंच होतं. पण तो बायकोला म्हणाला, "एकच करतो. मागायच्या निमित्ताने तरी रोज एकमेकांच्या दारात जातील." माझ्या बाकीच्या पायऱ्या गोल आहेत, पण वरून तिसरी त्याने मुद्दाम रुंद आणि चपटी ठेवली. रंधा मारता मारता म्हणाला, "पोरांना इथेच उभं राहायचं असतं तासन्‌तास. तळवे दुखायला नकोत." अशी दुसरी शिडी मी तरी पाहिलेली नाही.

पुढे सुतार गेला. दोघा भावांची घरं शेजारी शेजारी, मधे एक भिंत, त्या भिंतीला मी टेकलेली. सकाळ झाली की माझ्यावरून जुंपायचीच.

"आज शिडी मला हवी. पाटी टांगायचीय."

"तुझी पाटी काय, उद्याही वाचतील लोक. इथे माणसं अंधारात बसलीत."

"काल पण अंधार, आज पण अंधार. तुझा उजेड पडणार तरी कधी?"

त्यात थोरल्याची एक वाईट खोड. रंगाचा ब्रश पुसायला त्याला चिंधी सापडायची नाही, माझा उजवा दांडा बरोबर सापडायचा. लाल, निळा, पिवळा, थरावर थर. मग धाकटा चढला की त्याच्या पँटला रंग, आणि त्याचा तोंडाचा पट्टा सुरू. खरं सांगू? मला मजा यायची. दोन माणसं आपल्यासाठी भांडतात म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही!

आईला मात्र मजा यायची नाही. ती गावची सुईण. निम्म्या गावाने पहिला टाहो तिच्या हातात फोडलेला, त्यामुळे लहानथोर सगळे तिला मावशी म्हणतात आणि तिच्यापुढे आवाज चढवत नाहीत. चढवायचे ते फक्त तिचे स्वतःचे दोन दिवटे. एका दुपारी दोघेही जेवून आडवे झालेले पाहून तिने पदर खोचला आणि मला उचलून खांद्यावर घेतलं. "दोन दिवस शिडीवाचून राहू देत. मग कळेल किंमत," असं पुटपुटत तिने मला गावाबाहेरच्या जुन्या गोदामाशी नेलं आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. जाताना माझ्या अंगावरून हात फिरवून म्हणाली, "येते गं दोन दिवसांत."

घरी पोचली तर निरोप आलेला. परगावची बहीण आजारी पडली होती. ती तशीच उठून गेली, पोरांना सांगायचं राहूनच गेलं, आणि पावसाळाभर तिकडेच अडकली.

आणि माझ्याकडे आली पाहुणी.

पाहुणी म्हणजे आमच्या गावची वेल. कधीकाळी कालव्याच्या कडा ढासळत होत्या म्हणून कोणा मोठ्या साहेबांनी तिला परमुलखातून आणवून लावलं. कडा सावरल्या. पण पाहुणीला यजमान फारच आवडले! ती कालव्यावरून कुंपणावर आली, कुंपणावरून विजेच्या खांबावर आणि तिथून पोस्टाच्या पेटीवर. पावसाळ्यात कोणाची स्कूटर चार दिवस एका जागी उभी राहिली तर ती हिवाळ्यात कापून काढावी लागायची. उभं राहिलं ते आपलं, असा तिचा सरळ हिशेब.

मग शिडी दिसल्यावर ती कशाला सोडते? खालच्या पायरीला आधी एक कोवळं बोट लागलं. मी म्हटलं, ए, दूर हो. ती कसली ऐकतेय! बघता बघता कमरेपर्यंत आली, मग गळ्यापर्यंत, मग डोक्यावरून पलीकडे. मी खूप रागावले, रडले, आईच्या नावाने हाका मारल्या. पण शिडीची हाक कोणाला ऐकू जाते?

हळूहळू राग ओसरला. एक गोष्ट कबूल करायला हवी. आजवर माझ्यावर जो चढला तो काम झाल्यावर उतरून गेला. मुक्कामाला राहिली ती ही एकटी. उन्हात पानांची सावली धरायची, गारठ्यात गच्च बिलगायची. माझ्या पायऱ्यांमधे पाखरांनी घरटी केली. जांभळ्या फुलांचे घोस लागले की सगळीकडे गोड वास सुटायचा. जीव लागला हो मला तिचा. पण डोळे मात्र वाटेकडेच असायचे.

आई परत आली तेव्हा घरी भांडणाची आग लागलेली होती. थोरल्याची खात्री, धाकट्याने शिडी कोणाला तरी देऊन टाकली. धाकट्याची खात्री, थोरल्याने तिचं सरपण केलं. बापाच्या हातची वस्तू, त्यामुळे शब्दाला शब्द वाढत गेला आणि बोलणंच बंद झालं. आईने कपाळावर हात मारला आणि सरळ सांगून टाकलं, "अरे, मी ठेवलीय ती गोदामामागे!" दोघांना घेऊन आली. पण दाखवणार काय? गोदामाच्या जागी हिरवी टेकडी! मागची भिंत कोणती, पुढची कोणती, काही कळेना.

थोरला म्हणाला, "आई, त्याच्यावर पांघरूण घालू नकोस."

धाकटा म्हणाला, "आई, त्याला वाचवायला तू खोटं बोलतेस."

आणि दोघे दोन वाटांनी गेले. आता आईचं खरं करून दाखवणारं जगात कोणी उरलं असेल तर मी. आणि मी पाहुणीच्या पोटात.

दुसऱ्या दिवशी आई कोयता घेऊन आली. वेल कापता कापता बोलायची, त्यामुळे मला घरचं सगळं कळायचं. "एका घरी सकाळचा चहा, दुसऱ्या घरी रात्रीचं जेवण. एका ताटात दोघांना वाढायचं म्हटलं तर कोणी येत नाही. सुना तेवढ्या शहाण्या, भिंतीवरून गुपचूप वाट्या फिरवतात. आहेस कुठे गं तू, बये?" मी ओरडायचे, इथे, इथे! ती पलीकडच्या बाजूला कापत राहायची.

लोकांनी पाहिलं, मावशी एकटी वेलीशी झुंजतेय. त्यांना वाटलं, गावासाठीच चाललंय. मग ज्यांनी तिच्या हातात डोळे उघडले होते त्यांना घरी बसवेना. कोणी विळा आणला, कोणी कात्री. बेकरीवाले काका पाववाटपाला आले ते अध्यक्षच होऊन बसले. दर वर्षी फुलं आली की सगळे जमायला लागले. कापलेल्या वेलीच्या टोपल्या विणायच्या, पीळ घालून दोर करायचा आणि त्याने रस्सीखेच खेळायची, सगळ्यात लांब वेल कोणी ओढून काढली त्याची मोजणी करायची. काकांनी पानांच्या आकाराची बिस्किटं काढली. जिला उपटायला जमले होते, तिच्याच फुलांचे मुकुट घालून लोक नाचू लागले. शेवटी कळेना की गाव पाहुणीला घालवतंय की मिरवतंय! पाहुणी तर इतकी खूश, की कापल्या ठिकाणाहून दुप्पट यायची.

आणि गंमत ऐका. उत्सवासाठी मैदान साफ केलं ते आईच्या वेळच्या मागच्या बाजूला. नवा रस्ताही तिकडूनच आला. त्यामुळे जुनी मागची भिंत झाली दर्शनी, आणि आईला दर वर्षी "मागची भिंत" म्हणून कापायला दिली जायची ती खरं तर पुढची! दर्शनी भिंतीवर फुलांचा बहर असा काही उंच चढलेला, की काकांनी हुकूमच काढला, "ही भिंत कोणी कापायची नाही. हिच्यापुढे मंच, हिच्यापुढे फोटो." बहर उंच का? कारण आत मी उभी! दर वर्षी उत्सवाच्या संस्थापिका म्हणून आईला मंचावर बोलावायचे, डोक्यावर मुकुट ठेवायचे, आणि ती माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. हात लांब केला असता तर माझा दांडा लागला असता. मला काय वाटत असेल, तुम्हीच सांगा.

यंदाही तसंच. बँड थांबला. लाऊडस्पीकर खरखरला. काका म्हणाले, "मावशींनी दोन शब्द बोलावेत."

आई बोलली, पण आवाज नेहमीचा नव्हता. "बाळांनो, तुम्ही मला दर वर्षी मोठं करता. पण मी काही गावासाठी कोयता उचलला नव्हता. माझी शिडी हरवलीय. ती शोधत होते."

लोक हसले. त्यांना वाटलं, मावशीची थट्टा.

"हसा, हसा. पण आता कोयता उचलवत नाही. पुढच्या वर्षी मी येणार नाही. मिळाली असती तर माझी दोन पोरं एका ताटाशी बसली असती, एवढंच माझं मागणं होतं. नाही मिळाली. जाऊ दे."

माझ्या अंगातलं सगळं लाकूड कळवळलं. जाऊ नकोस गं, वळ तरी एकदा!

दोन्ही पोरं तिथेच होती. भिंतीवरचा फलक थोरल्याने रंगवलेला, त्यावरचे दिवे धाकट्याने लावलेले. नेहमी एक जण काम आटपून गेल्याशिवाय दुसरा यायचा नाही. पण त्या वेळी फलक एका बाजूने घसरला आणि दुसऱ्या बाजूचे दिवे फडफडायला लागले, म्हणून दोघे दोन बाजूंनी मंचावर आले. एकमेकांकडे न बघता. धाकटा स्टुलावर चढला. स्टूल डुगडुगलं, आडवं झालं. "अरे अरे अरे!" म्हणत त्याने दोन्ही हातांनी वेल धरली, चप्पल खाली पडली आणि उघडं पाऊल पानांच्या आत गेलं.

माझ्यावर!

स्टूल खाली लोळतंय आणि धाकटा आपला वर, फुलांमधे, हवेत उभा. बायका ओरडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. तो मात्र हलेना. त्याने अंगठा इकडून तिकडे फिरवला. टाच टेकवून पाहिली. रुंद, चपटी, तळव्याला सुख देणारी. त्याच्या चेहऱ्याचा रंगच बदलला.

"दादा," तो म्हणाला. माईक चालूच होता, साऱ्या मैदानाने ऐकलं. "दादा... वरून तिसरी पायरी."

थोरल्याच्या हातातला फलक खाली आला. तो धावतच पोचला. "हलू नकोस! धरून राहा, छोट्या!" म्हणत त्याने एका हाताने भावाचा पाय धरला आणि दुसरा हात खांद्यापर्यंत पानांत घातला. उजवा दांडा चाचपला. रंगाचे वाळलेले थर बोटांना लागले. भावाच्या पोटरीला कपाळ टेकवून मोठा माणूस हुंदके द्यायला लागला.

आई वळली. तिने कमरेवर हात ठेवले. म्हणाली, "मी सांगत होते की नाही रे, गाढवांनो!"

काय हशा पिकला म्हणता! टाळ्या थांबेनात. काकांनी एकदा केविलवाणं "अहो, पण फोटो..." म्हणून पाहिलं, मग स्वतःच कोयता उचलला आणि पहिला घाव घातला. सगळ्यांनी मिळून मला मोकळं केलं. ऊन अंगावर आलं तेव्हा डोळे दिपले माझे. आईने पहिल्या दिवसासारखाच माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "झाले गं दोन दिवस." त्या दुपारी मंचावरच एक टोपली उलटी घातली, तिच्यावर ताट ठेवलं, आणि दोघांनी एकाच ताटात जेवायला सुरुवात केली. आई वाढत होती आणि दोघांच्या पाठीत आळीपाळीने एकेक धपाटा घालत होती.

आता मी थकले आहे. चार पायऱ्या किडल्या आहेत, वजन पेलवत नाही. मी पुन्हा मधल्या भिंतीला टेकलेली असते. पाहुणी मला विसरलेली नाही. तिचं एक कोवळं बोट कुंपणावरून परत आलंय, माझ्या खालच्या पायरीशी चाळा करतं. आई रोज ते सोडवून बाजूला करते, पण तोडत नाही.

आणि सकाळ झाली की पुन्हा जुंपते.

"तिला रंग मी देणार. दुरुस्त करणारच आहोत, तर दिसायलाही बरी हवी."

"रंगाला हात लावायचा नाही! बाबांचं लाकूड दिसू दे. आधीच केवढा थापलायस!"

"तुझ्या पँटीला लागला म्हणून काय झालं?"

आई दारातून हे ऐकते, माझ्याकडे तिरक्या नजरेने बघते, आणि मला क्षणभर धडकीच भरते, की उचलते आता पुन्हा! पण ती हसून चहा ठेवायला आत जाते. दोघांचा, एकाच भांड्यात.

माझं मागणं फार नाही. भांडा बाबांनो, खुशाल भांडा, माझ्यावरून भांडा, रंगावरून भांडा, घसा ताणून भांडा. फक्त एकमेकांशी भांडा.