उशिरा पोहोचलेली निळी पिशवी

मित्रांनो, माझ्या विटक्या रंगावर जाऊ नका. मी एक जुनी शबनम पिशवी आहे, आणि कधीकाळी मी गडद निळी होते. नाशिकच्या एका शिंप्याने उरलेल्या कापडातून मला शिवले आणि कॉलेजभर मी गिरिजाच्या खांद्यावर मिरवले.

पुढे गिरिजा आणि तिच्या दोन मैत्रिणी ऑस्ट्रेलियात आल्या. गिरिजा डार्विनच्या हॉस्पिटलात लागली, अस्मिता क्रेगीबर्नला, चित्रलेखा ग्लेन वेव्हर्लीला. या दोघी एकाच मेलबर्नमधल्या, पण भेटायचे म्हटले की दोघींनाही ड्राइव्ह लांब पडे.

एका प्रदर्शनात अस्मिताने वाचले, की एकोणिसाव्या शतकात कॉलेज सुटलेले मित्र पत्रांचे एकच पुडके आळीपाळीने फिरवीत. आपले जुने पत्र काढायचे, नवे घालायचे, पुढे धाडायचे.

"फोनवर आपण मुलं आणि मॉर्गेज सोडून काय बोलतो गं?" असे म्हणून तिने तो नेम तिघींत सुरू केला. पत्रे पोटात घेऊन मी टपालाने फिरू लागले. गिरिजा आधी माझा वास घेई. "अजून अस्मिताकडची फोडणी येतेय," म्हणे, आणि शिफ्टवरून आल्यावर पत्रे पुरवून पुरवून वाची. तेव्हा मला केवढा मान होता!

गेल्या वर्षी मी चित्रलेखाकडे आले. अस्मिताचे पत्र माझ्यात होते. चित्रलेखाने आपले घालायचे, की मी गिरिजाकडे जाणार. गिरिजाचा फोन आला.

"चित्रे, पिशवी कुठवर आली?"

"अगं, नीट लांबलचक लिहीन म्हणते."

"लांबलचक नको. डोळ्यांचं सांगितलंय ना तुला? दिसतंय तोवर तुमचं अक्षर वाचायचंय."

"या वीकेंडला नक्की."

"तुझा वीकेंड पंचांगात शोधावा लागतो बाई."

दोघी हसल्या. चित्रलेखा मनाने वाईट नव्हती. ती बसे, लिही, फाडी. चार ओळी पाठवल्या तर गिरिजाला वाटेल, टाळले. आणि नवे पत्र घातल्याशिवाय मी पुढे जायचे नाही, हा नेम. मी लाँड्रीच्या दारामागे लटकले. माझ्यावर छत्र्या आल्या, शॉपिंगच्या पिशव्या आल्या. एकदा तर माझ्यातून कोथिंबीर आणली.

शेवटी भरगच्च पत्र झाले आणि मी डार्विनला पोहोचले. गिरिजाने वास घेतला. "चित्राची वॉशिंग पावडर," ती म्हणाली. मग कागद खिडकीशी धरले, जवळ नेले, लांब नेले, आणि मांडीवर ठेवले.

"आई, वॉन्ट मी टू रीड इट?" मुलगा केतन म्हणाला.

"तुला मराठी वाचता कुठे येतं, राजा?"

"मग फोटो काढून मावशीला पाठवतो. शी कॅन रीड इट आउट."

"पाठव. ऐकेन." पण तिचे बोट कागदावरून फिरतच होते. "अस्मिता पेन दाबून लिहिते, हाताला लागतं. चित्रा फार हलक्या हाताने लिहिते रे. काहीच लागत नाही."

त्याच दुपारी तिने आपले जुने पत्र काढून नवे घातले. त्यात ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, निम्मे शब्द कागदाबाहेर गेले आहेत. तरी मी लगेच निघाले.

मित्रांनो, कोणी वाट पाहत असेल तर चांगले पत्र सुचेपर्यंत थांबू नका. चार ओळी घाला, वाकड्या घाला, आणि मला दारामागून काढा.