आर्सा टेकडीचं कलम चौदा

वाइन उत्पादक संघाचं पत्र आलं तेव्हा ओत्ताविया ब्रेसान्दो द्राक्षवेलींची छाटणी करत होती. तिने कात्री खिशात टाकली, चष्मा लावला आणि थंडीत उभ्यानेच पत्र वाचलं. आर्सा टेकडीचा नवा नकाशा तयार झाला होता. टेकडीच्या कमरेवरून जाणारा डांबरी रस्ता ही आता तिची हद्द. ओत्तावियाच्या वेलींच्या नऊ ओळी रस्त्याच्या खाली असल्यामुळे तीस दिवसांत तिने आपल्या बाटल्यांवरचं 'आर्सा' हे नाव काढावं. हरकत असल्यास लेखी कळवावी. खाली अध्यक्षांची सही आणि मनःपूर्वक शुभेच्छा.

रस्ता होऊन चाळीस वर्षं झाली होती. वेली लावल्या होत्या तिच्या नवऱ्याच्या आजोबांनी. आर्सा म्हणजे भाजलेली, आणि टेकडीची जी बाजू उन्हात भाजून निघत असे ती हीच. नकाशावरची रेघ इथे मोठ्या शिस्तीत रस्त्याबरोबर चालली होती. उत्तरेला पोचल्यावर मात्र तिला एकाएकी पोट सुटलं होतं, आणि त्या पोटात अध्यक्षांच्या मेव्हण्याचा तीन वर्षांचा मळा अलगद सामावला होता.

संध्याकाळी तिचा धाकटा दीर ग्वाल्तिएरो आला. तो समितीवर होता, म्हणून टोपी हातात धरून आला.

"वहिनी, वाइन तर तीच राहणार ना? नुसतं नाव जाईल."

"तुमच्या दारावरची पाटी उद्या उतरवते, भावजी. माणूस काय, तोच राहील."

"अध्यक्ष चिडतील हो."

"चिडू देत. या वयात तेवढाच व्यायाम."

संघाच्या नियमावलीच्या गावात दोनच प्रती उरल्या होत्या. एक कार्यालयाच्या कपाटात, कुलूपबंद. दुसरी ओत्तावियाच्या स्वयंपाकघरात, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. ती तिने उपसून काढली. टेबल कलंडलं, ग्वाल्तिएरोची कॉफी त्याच्या मांडीवर गेली, पण कलम चौदा सापडलं. हद्दीचा वाद झाल्यास, मोठा बर्फ पडून ऊन आल्यावर, समितीने दुपारी टेकडीवर जाऊन पाहावं. जिथे बर्फ आधी वितळेल ती टेकडीची खरी जमीन. रेघ सह्यांनिशी ठरल्यावर तक्रारदाराने समितीस जेवू घालावं.

या भागात मळ्याची जागा पूर्वी अशीच निवडत. पुढे संघाने दोनदा नियम सुधारले, जुनं सगळं खरडून काढलं. कलम चौदा तेवढं राहिलं. त्यातलं शेवटचं वाक्य खोडायला कोणत्याच समितीचा हात धजावला नव्हता.

हरकत अर्ज गेला. बर्फ काही येईना. ओत्ताविया रोज सकाळी अंगणात उभी राहून आभाळाकडे पाही, उसनं नेलेलं पातेलं परत न करणाऱ्या शेजारणीकडे पाहावं तसं. गावात अध्यक्ष सांगत फिरले, की हल्ली बर्फ पूर्वीसारखा पडत नाही आणि विज्ञानापुढे कुणाचं काही चालत नाही. सत्ताविसाव्या दिवशी घोटा बुडेल इतका बर्फ पडला. एकोणतिसाव्या दिवशी लख्ख ऊन पडलं.

समितीचे पाच जण टेकडी चढले. पुढे अध्यक्ष एवाझिओ मारेल्लीनो, पाठोपाठ शहरातून आलेले, समितीवरचेच शेतीतज्ज्ञ रामेल्लो. त्यांच्या पायात शहरातलेच बूट होते आणि हातात नकाशा. रस्त्याखाली ओत्तावियाच्या नऊ ओळींमधून पाणी ठिबकत होतं. जमीन काळीभोर, उघडी, वाफाळलेली. मग सगळे वळसा घालून उत्तरेला गेले. तिथे मेव्हण्याचा मळा धुतल्या चादरीसारखा पांढराशुभ्र पसरला होता. रामेल्लोंनी नकाशा ताडून पाहायला एक पाऊल पुढे टाकलं. वाऱ्याने साठलेल्या बर्फात पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, आणि बाहेर आला तो बुटाशिवाय.

"बघा साहेब, टेकडीने नमुना ठेवून घेतला," ओत्ताविया म्हणाली.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, नकाशा उपग्रहावरून काढलाय. उपग्रह खोटं बोलत नाही."

"त्याला बोलावून घ्या ना इथे. एक बूट तोही ठेवून जाईल."

"बर्फ हा काही पुरावा नव्हे. पुढच्या बैठकीत विचार करू. आता," अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, "नियमाप्रमाणे जेवण."

तिच्या घराचा वास रस्त्यावरच लागत होता. बैलाचं मांस आदल्या दिवसापासून तिच्याच वाइनमध्ये मुरलं होतं आणि सकाळपासून मंद आचेवर रटरटत होतं. ओत्ताविया सगळ्यांच्या आधी पोचली, आणि पळी हातात घेऊन दारात उभी राहिली.

"रेघ ठरली?"

"सांगितलं ना, पुढच्या बैठकीत."

"मग जेवणही पुढच्या बैठकीत. वाचून दाखवू? सह्यांनिशी ठरल्यावर, असं लिहिलंय."

"वहिनी, पाहुण्यांना दारात..." ग्वाल्तिएरो पुटपुटला.

"पाहुणे नाहीत, भावजी, समिती आहे. पाहुणे असते तर एव्हाना दुसऱ्यांदा वाढलं असतं."

आतून झाकण उचलल्याचा आवाज आला. झाकण मुद्दाम उचलायला तिने मोलकरणीला सांगून ठेवलं होतं, हे पुढे तिने कधीच नाकारलं नाही. रामेल्लो एका पायावर उभे होते. दुसऱ्या पायाचा मोजा निथळत होता आणि दाराच्या फटीतून त्यांना चूल दिसत होती. पाच मिनिटं विज्ञान आणि चूल यांच्यात झटापट झाली.

"तांत्रिकदृष्ट्या," ते म्हणाले, "वितळण्याला आधार आहे." त्यांनी नकाशा ओत्तावियाच्या उंबऱ्यावर पसरला, नऊ ओळींभोवती नवी रेघ ओढली, उत्तरेचं पोट कापलं आणि सही ठोकली. मग आणखी दोघांनी केली. ग्वाल्तिएरोने वहिनीकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं, आणि डोळे मिटून केली.

"अरे, माझा मेव्हणा मला घरात घेणार नाही!" अध्यक्ष ओरडले.

"त्यांच्या वाइनला नवं नाव शोधा. मी सुचवू? 'गारवा'," ओत्ताविया म्हणाली. "बरं, तुम्ही सही करू नका. चौघांची पुरते. अंगणात ऊन छान आहे, बसा."

अध्यक्ष अंगणात बसले. आतून नूडल्स वाढल्याचे आवाज आले, मग मांसाचे, मग कुणीतरी पावाने ताटलीतला रस्सा पुसून घेतल्याचा. तेव्हा ते उठले, आत आले, सही केली आणि नॅपकिन गळ्यात खोचला.

ओत्तावियाने त्यांचा पेला भरला. त्यांनी तो उजेडात धरला. अध्यक्ष म्हटल्यावर काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"रंग जरा फिका आहे, बाई. हल्ली लोकांना गडद आवडतं. थोडी दुसरी वाइन मिसळून पाहा."

"शंभर वर्षं फिकाच आहे," ती म्हणाली. "प्या गुमान."

ते प्यायले. मग पेला पुढे केला. तिने तो भरला नाही. आधी खाली वाकून नियमावलीची पुन्हा घडी केली आणि टेबलाच्या पायाखाली, होती तिथे सारली. टेबल स्थिर झालं. मग तिने पेला भरला.