सुटलेले टाके

सासूबाईंच्या डोळ्यांनी आता पुरती रजा घेतली होती, त्यामुळे स्वेटरची नवी नक्षी काही त्या काढणार नव्हत्या. आजवर जी काढली होती ती सगळी विणकामाच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. आणि तो कॉम्प्युटर म्हणजे घरातला सगळ्यात हट्टी म्हातारा. फ्लॉपी गिळेना, नवीन काही समजून घेईना. पाठीमागचं केबल जोडायचं सीरियल पोर्ट तेवढं धड राहिलं होतं.

सुनेनं कंबर कसली. जुनी केबल शोधली, पिना तपासल्या आणि दुसरं टोक नेटवर्कवरच्या नव्या कॉम्प्युटरला जोडलं. नक्षी म्हणजे नुसती अक्षरं. एका टाक्याला एक अक्षर, टाका उलटा की सुलटा ते सांगणारं. ती तारेतून गोगलगायीच्या चालीनं यायला लागली.

"चालू दे सावकाश," नवरा म्हणाला. "कुठं गाडी चुकतेय?"

सुनेला एवढा धीर असता तर आणखी काय हवं होतं! तिनं वेग चौपट केला. फाइली भराभर उतरल्या, नावं सगळी जागच्या जागी दिसली, आणि बाईसाहेबांनी विजयाच्या भरात जुन्या कॉम्प्युटरचं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी नव्या कॉम्प्युटरला जोडलेल्या विणायच्या मशीनवर पहिला नमुना विणून तिनं तो सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. उलट्या टाक्यांच्या उंचवट्यांवरून त्यांची बोटं फिरू लागली आणि मध्येच अडली.

"अगं, ही वेल इथं मोडलीय. एक टाका कमी आहे, त्यामुळे पुढचं सगळं सरकलंय."

सुनेच्या लक्षात आलं. त्या वेगात म्हाताऱ्यानं अक्षरं खाल्ली होती. ती धावत विणकामाच्या खोलीत गेली, बटण दाबलं. आतून करकर झाली आणि डिस्कनं मान टाकली.

"आई, माझ्या घाईपायी तुमचं सगळं काम गेलं हो," परत येऊन ती रडायलाच लागली.

सासूबाईंना फार वाईट वाटलं. आयुष्यभराची मेहनत होती. पण थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, आधी सुनेचे आणि मग स्वतःचे.

"रडून टाके भरणारेत का? विण पुढचा नमुना."

मग रोजचा हाच उद्योग. कुठली ओळ आखूड आहे ते नवा कॉम्प्युटर सांगायचा, पण टाका नेमका कुठं सुटला ते बोटांनाच ठाऊक. सासूबाई दाखवायच्या, सून अक्षर घालायची. "तुमचं दोघींचं एवढं पटतंय, कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही," नवरा म्हणायचा, आणि दोघी मिळून त्याला हाकलून द्यायच्या.

शेवटी लहान मुलाच्या स्वेटरची नक्षी आली. एका पानाच्या टोकाशी बोटं थांबली.

"इथं उलटा हवा होता ना?" सुनेनं विचारलं. "घालू?"

"नको. हा तुझ्या केबलनं नाही खाल्ला, माझाच चुकलाय. तुझा नवरा तापानं फणफणत मांडीवर झोपला होता, आणि मी एका हातानं अक्षरं भरत होते. तो बरा झाला, पण मग मला ते दुरुस्त करावंसंच वाटलं नाही."

सुनेनं ती ओळ तपासली. ओळ पूर्ण होती, एकही अक्षर गळलं नव्हतं. तिनं चूक तशीच ठेवली आणि मशीनला लोकर लावली.