अकोल्याचं ऊन

रत्नागिरीत कुरडयांना बुरशी आली आणि इकडे अकोल्यात रागिणीचं सदर नासलं.

पुण्याहून चालणाऱ्या, बायकांच्या एका वेब-मासिकात ती उन्हाळी वाळवणांवर सदर लिहायची. त्यात तिने बिनधास्त लिहून टाकलं होतं, 'कुरडया सकाळी घाला, संध्याकाळी डब्यात भरा.' अकोल्यात एप्रिलमध्ये याहून वेगळं कुणाच्या डोक्यात येणारच नाही. इथलं ऊन माणसाला गच्चीवर पाय टेकवू देत नाही, तिथे कुरडईची काय बिशाद! पण कोकणातल्या बायकांनी तिच्यावर विश्वास ठेवून तसंच केलं. आठवड्याने डबे उघडले, तर आत काळी-हिरवी लव. त्या डब्यांचे फोटो थेट संपादक प्रतीक्षा मॅडमकडे गेले.

"संध्याकाळपर्यंत माफीचा मजकूर पाठवा," मॅडम सकाळीच फोनवर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "आणि सदर आता थांबवू या."

थांबणार होतं ते नुसतं सदर नव्हे. नवऱ्याशी, गजेंद्रशी तिचं ठरलं होतं की या उन्हाळ्यात लिखाणाचं बस्तान बसलं तर ठीक. नाहीतर जूनपासून तिने ओळखीच्या शाळेत नोकरी धरायची, थोरल्या आर्वीला तिथेच घालायचं आणि धाकट्या गुड्डूला आजीकडे तेल्हाऱ्याला ठेवायचं. सासूबाई, दुर्गाबाई, नातवाला न्यायलाच आल्या होत्या. गुड्डूच्या कपड्यांची पिशवी भरून दारामागे टांगली होती आणि रागिणी येता-जाता तिच्याकडे बघायचं टाळत होती.

तिचं लिहिणं टेबल-खुर्चीचं नव्हतंच. कडेवर गुड्डू, हातात फोन. ती बोलायची आणि फोन टाईप करायचा. फोन बिचारा सगळंच टाईप करायचा. 'गहू तीन दिवस भिजवावा आई मले शू आली.' मग मुलं झोपली की ती बसून त्या मजकुरातून मुलांना वेचून काढायची, तांदळातले खडे काढावेत तशी. तिला मुलं आहेत हे प्रतीक्षा मॅडमना ठाऊकसुद्धा नव्हतं. आधीच्या एका ठिकाणी फोनवर मुलाचं रडणं ऐकू गेलं आणि लोकांनी गोड बोलून तिचं काम काढून घेतलं. तेव्हापासून ती शहाणी झाली होती.

त्या सकाळी गच्चीवर कुरडया घालणं चालू होतं. चीक शिजून तयार, तो कुणाच्या दुःखासाठी थांबतो थोडाच! दुर्गाबाई सोऱ्या फिरवत होत्या, आर्वी पातेल्याच्या कडेचा चीक चाटत होती. रागिणीने फोन तोंडापुढे धरला.

"वाचक भगिनींनो, माझ्या लेखातील चुकीबद्दल मी दिलगीर..."

"कोनाले बोलून राहिली वो?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"माफी मागून राहिली, आई. कोकणातल्या बायांच्या कुरडया नासल्या माझ्यामुळं. एका दिवसात वाळते म्हून लिवलं ना मी."

"मंग? वाळत नाही का?"

"तिकडं नाही वाळत."

सोऱ्या थांबला. "बाप्पा! तिकडं सूर्य दुसरा हाय का?" दुर्गाबाईंनी क्षणभर विचार केला. "मी बी हेच सांगतलं असतं वो. जलम गेला कुरडया घालन्यात, पन मले कुठं मालूम होतं?"

"आई, गुड्डूनं कुरडईवर पाय देल्ला!" आर्वी किंचाळली.

दुपारी कूलरसमोर मुलं झोपली आणि रागिणी फोनमधल्या मजकुराच्या साफसफाईला बसली. दिलगिरीची ओळ, मग सूर्य, मग गुड्डूचा पाय, सगळं त्यात होतं. पुसायला बोट टेकवलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता रागही आला, स्वतःचाच. इतके दिवस ती नेमकं हेच पुसत आली होती! जे पुसलं ते जिवंत होतं, उरायचं ते सरकारी पत्रकासारखं.

तिने काही पुसलं नाही. फक्त रत्नागिरीच्या ज्या बाईंनी लेखाखाली सगळ्यात जहाल शेरा लिहून वर आपला नंबरही दिला होता, त्यांना फोन लावला. बाईंनी आधी यथेच्छ झापलं आणि मग मायेने सांगितलं, दमट हवेत तीन-चार दिवस लागतात, रोज उलटायच्या, रात्री घरात पंख्याखाली घ्यायच्या, मोडली की कट् वाजली पाहिजे, मगच डबा. रागिणीने तेही बाईंच्या झापण्यासकट लेखात घातलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला तेव्हा गुड्डू चमच्यासाठी भोकाड पसरून बसला होता. रागिणी दुसऱ्या खोलीत गेली नाही.

"तुम्हाला मुलं आहेत?"

"दोन. काल वाचलीत ना तुम्ही."

मॅडम हसल्या. "ऑफिसात मोठ्याने वाचला मी तो लेख आणि कालच टाकला मासिकात. बायका आता आपापल्या गावचं ऊन लिहून पाठवतायत. दर आठवड्याला लिहाल? वर्षभर? फक्त ती भाषा जराशी..."

"भाषा अशीच राहील, मॅडम. आणि मुलं मध्ये बोलतील, ती मी काढणार नाही."

घालवलं हातचं, रागिणीला वाटलं. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

"नकाच काढू," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमच्या सासूबाईही हव्यात."

रागिणीने आधी गजेंद्रला फोन लावला. "अहो, शाळेत नाही म्हणून कळवा," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. मग दारामागची पिशवी काढून पलंगावर उपडी केली. इवले इवले सदरे पसरले आणि गुड्डू चमच्यासकट त्यात जाऊन बसला.

दुर्गाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "मंग मी तेल्हाऱ्याले रिकाम्या हातानं जाऊ का?"

"कुरडया न्या ना, आई."

"त्या त नेईनच." त्यांनी नाक ओढलं. "पन तुह्या त्या फोनले सांगून ठेव. नुसतं सासू सासू लिवू नको म्हना. मले नाव हाय."

रागिणीने डोळे पुसले आणि तिथल्या तिथे फोन त्यांच्यापुढे धरला. "सांगा, आई. पूर्ण नाव."

दुर्गाबाईंनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं नाव सांगितलं.